सम्यक स्मृती आणि मोबाईलवरील खेळांचे व्यसन

दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात परतलेल्या काही मुलांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे दिसू लागली, तेव्हा आम्ही शिक्षकांनी सोपा मार्ग पत्करला. मोबाईल काढून घेतले. ते कपाटात बंद झाले. ओढ मात्र बंद झाली नाही. उन्हाळ्यात मुले घरी गेली आणि रात्रभराचे खेळ पुन्हा सुरू झाले. आमचे कोठे चुकले, हे शोधताना आम्हांला तथागतांच्या शिकवणीकडे नव्याने वळावे लागले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्थान आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा खेळच महत्त्वाचा वाटणे आणि हानी दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. ती साधारणतः बारा महिने टिकलेली असावी लागतात. म्हणून सुट्टीत खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी ठरत नाही.

प्रतीत्यसमुत्पादात वेदनेतून तृष्णा उपजते, असे सांगितले आहे. येथे वेदना म्हणजे सुखद, दुःखद वा तटस्थ अनुभव. कंटाळा, एकटेपणा, अपयशाची बोच ही दुःखद वेदना; त्यापाठोपाठ हात मोबाईलकडे वळवते ती तृष्णा. जप्तीने केवळ वस्तू जाते. सम्यक स्मृतीचा अभ्यास या दोहोंमधील क्षण ओळखावयास शिकवितो. ओढ उठली की थांबावे, श्वास पाहावा, ती शरीरात कोठे जाणवते ते न्याहाळावे. ती वाढते, टिकते, ओसरते. ही अनित्यता मुलाने स्वतः अनुभवली की ओढीची सत्ता ढिली पडते.

अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३० प्रौढांचे दोन गट केले गेले. एकास आठ आठवडे असे प्रशिक्षण, तर दुसऱ्यास आधारगटाचे साहाय्य मिळाले. पहिल्या गटाची खेळाची ओढ अधिक घटली. प्रयोग लहान होता. त्यास चमत्कार मानू नये. तपासून स्वीकारणे हाच आपला मार्ग. झोप, जेवण, अभ्यास कोलमडला असेल तर डॉक्टरांकडे जावेच. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी स्वतंत्र सेवा आहे.

पाचवे शील मद्यापासून दूर राहावयास सांगते ते प्रमाद टळावा म्हणून. आज प्रमादाचे साधन खिशात मावते. वसतिगृहात आम्ही सायंवंदनेनंतर दहा मिनिटे मुलांसह श्वासाकडे लक्ष देत बसतो. पालकांनीही घरी तसेच बसावे, आणि त्या वेळी प्रथम स्वतःचा मोबाईल बाजूला ठेवावा.