बेहाला आणि महानगराची तिजोरी

कोलकात्याच्या दक्षिणेस असलेल्या बेहाला उपनगराचा कारभार पूर्वी 'साउथ सबर्बन' या स्वतंत्र नगरपालिकेकडे होता. १९८४ साली ही नगरपालिका, गार्डन रीच व जादवपूर यांच्यासह, कोलकाता महानगरपालिकेत विलीन झाली. प्रभाग १०० वरून १४१ झाले. २०१२ मध्ये शेजारचा जोका परिसर आल्यावर ते १४४ झाले.

बेहालाला मोठ्या तिजोरीचा आधार मिळाला, हे खरे. परंतु आपल्या गल्लीतील गटारावर किती खर्च करायचा, हा निर्णय आता घरापासून दूर गेला. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या सखल वस्तीला हा प्रश्न लहान वाटत नाही.

मुंबईत अंदाजपत्रक आयुक्त मांडतात आणि कार्यकारी अधिकारही कायद्याने त्यांच्याकडेच असतात. कोलकात्यात १९८० च्या कायद्याने ते अधिकार महापौर व त्यांच्या परिषदेला दिले. त्यामुळे गटार तुंबले तर जाब निवडून आलेल्यांनाच विचारता येतो. मात्र हा कायदा राज्याचा आहे. २०१८ मध्ये बेहाला पूर्वचे आमदार शोभन चट्टोपाध्याय महापौरपदावरून पायउतार झाले, तेव्हा विधानसभेने कायदा बदलला. नगरसेवक नसलेली व्यक्तीही महापौर होऊ शकेल, फक्त सहा महिन्यांत निवडून यावे, असे ठरले. त्यानुसार फिरहाद हकीम महापौर झाले.

वेतनाचा विषय निघाला की कोलकात्यात १९२४ ची आठवण निघते. चित्तरंजन दास महापौर असताना सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. पद नियुक्तीचे, वेतन दरमहा ३,००० रुपये. सुभाषबाबूंनी त्यातील निम्मेच स्वीकारले.