कॉलेजची वाट आणि पैशाची गाठ

बारावीचा निकाल लागतो. पोर पास होते. घरी पेढे येतात. रात्री दिवा मालवला, की आईबाप हलक्या आवाजात बोलू लागतात.

“पोर पुढं शिकायचं म्हणते. कॉलेजला पैसा किती लागंल?”

“कुणास ठाऊक!”

हे ‘कुणास ठाऊक’ फार वाईट. ते पुष्कळ पोरांना घरी बसवते. मुलगी असली तर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मुलगा असला तर तो मिळेल त्या कामाला जुंपला जातो. कधी बाप उलटे करतो. कोणाला न विचारता सावकाराकडे जातो आणि जमिनीचा तुकडा अडकवून बसतो. फी माफ होणारी होती, हे त्याला मागून कळते.

म्हणून या पाठात आपण तीन गोष्टी शिकू. कॉलेजात काय शिकवतात? तेथले नियम काय? आणि पैसे कोठून येतात?

१. गरिबाच्या पोरांचे कॉलेज

गरिबाचे पोर कॉलेजात जाऊ शकते, हे आपल्या सातारा जिल्ह्यात एका माणसाने करून दाखवले. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर भागातल्या कुंभोज गावी झाला. त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकले. त्या कामाने ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याचे पोर शाळेवाचून राहते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. ‘रयत’ म्हणजे आपण सारे, कष्ट करून खाणारे लोक.

१९२४ साली संस्था साताऱ्यास आली. तेथे बोर्डिंग निघाले. बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला जेवत. त्या काळी ही सोपी गोष्ट नव्हती. १९२७ साली महात्मा गांधी हे बोर्डिंग पाहून गेले.

पैसा कोठून येई? लोक धान्य देत. बायका दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. त्याला ‘मुष्टिफंड’ म्हणत. एक मूठ म्हणजे काही नाही. पण शंभर घरांची शंभर मुठी झाली, की पोरांची भाकरी निघते. कधी धान्य संपे. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले. पोरे उपाशी राहू नयेत, एवढेच त्या माउलीला ठाऊक होते.

पण भाऊरावांना भीक मागून शिकणारी मुले नको होती. मुलाने हाताने काम करावे आणि त्या कमाईवर शिकावे, असे त्यांचे म्हणणे. यालाच ‘कमवा आणि शिका’ म्हणतात. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. मुले सकाळी शेतात, बागेत, बांधकामावर राबत आणि मग वर्गात बसत. हाताला घट्टे आणि काखेत पुस्तक, असे ते कॉलेज होते.

बॅरिस्टर पी. जी. पाटील हे याच बोर्डिंगात वाढले. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. परत येऊन रयतेत काम केले. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

भाऊराव १९५९ साली वारले. पण ‘कमवा आणि शिका’ बंद पडली नाही. आज पुणे विद्यापीठाच्या पुष्कळ कॉलेजांत ती भाऊरावांच्याच नावाने चालते. मूल रोज दोन-तीन तास ग्रंथालयात, बागेत किंवा कचेरीत काम करते. तासाप्रमाणे त्याला पैसे मिळतात. प्रवेश घेतानाच विचारावे, “तुमच्याकडे कमवा आणि शिका आहे का?” विचारायला लाजू नये. घामाचा पैसा आहे तो.

२. काय शिकवतात?

बारावीनंतर पदवीचे शिक्षण असते. पदवीच्या मुख्य शाखा तीन. कला, वाणिज्य आणि विज्ञान. कला म्हणजे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र वगैरे. वाणिज्य म्हणजे हिशेब आणि व्यापार. विज्ञान म्हणजे रसायन, वनस्पती, गणित असे विषय. शेतकी, इंजिनिअरिंग, औषधनिर्माण, नर्सिंग हे शिक्षण वेगळे असते. त्याला ‘व्यावसायिक शिक्षण’ म्हणतात.

हाताचे कौशल्य शिकायचे असेल तर आय.टी.आय. आहे. तेथे वायरमन, फिटर, वेल्डर असे धंदे शिकवतात. बऱ्याच धंद्यांना दहावी पास चालते. आय.टी.आय. म्हणजे कमीपणा नव्हे. ज्याच्या हातात कसब आहे, त्याला कोठेही भाकरी आहे.

पदवी तीन वर्षांची. हवे तर चौथे वर्षही करता येते. २०२० सालच्या नव्या शिक्षण धोरणाने एक सोय केली आहे. पहिले वर्ष नीट पूर्ण केले आणि ठरवून दिलेले कामाचे शिक्षण घेतले, तर प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षे केली तर पदविका मिळते. पुढे परत येऊन राहिलेले शिक्षण पुरे करता येते. घरी अडचण आली आणि पोराला मध्येच थांबावे लागले, तरी केलेले शिक्षण वाया जात नाही. पण शक्यतो सलग शिकावे. एकदा सुटलेली पुस्तके पुन्हा हातात धरणे जड जाते.

३. नियम कोणते?

पहिला नियम हजेरीचा. शंभर तासांपैकी निदान पंचाहत्तर तास वर्गात हजर राहावे लागते. सुगीच्या दिवसांत पोराला महिना महिना शेतावर राबवू नका. हजेरी गेली, की परीक्षेला बसणे अवघड होते आणि शिष्यवृत्तीही अडकते.

दुसरा नियम परीक्षेचा. एखाद्या विषयात नापास झाले म्हणजे सारे संपले असे नाही. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देतात आणि राहिलेला विषय पुन्हा देता येतो. पोरे त्याला ए.टी.के.टी. म्हणतात. पोर म्हणाले, “एक विषय राहिला,” तर अंगावर ओरडू नका. “पुन्हा कधी परीक्षा?” एवढे विचारा.

तिसरा नियम कागदांचा. प्रवेशाच्या वेळी मूळ दाखले तपासून परत द्यायचे असतात. कॉलेजने ते अडकवून ठेवू नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. प्रत्येक कागदाच्या चार-पाच नकला काढून ठेवा.

चौथा नियम छळाचा. मोठ्या मुलांनी नव्या मुलांना छळणे म्हणजे रॅगिंग. १९९९ सालापासून महाराष्ट्रात तो कायद्याने गुन्हा आहे. मुलीला कोणी त्रास दिला तर तक्रार ऐकायला कॉलेजात समिती असते. मुलीचे शिक्षण बंद करणे हा त्यावर उपाय नव्हे. चूक करणाऱ्याला शिक्षा व्हावी, शिकणारीला नव्हे.

४. पैसे कोठून येतात?

सरकारच्या शिष्यवृत्त्या अनेक आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर फीबरोबर खर्चालाही काही रक्कम मिळते. इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्त जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. ज्यांना जातीची सवलत नाही, पण घरची स्थिती बेताची आहे, त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची फी-सवलत योजना आहे. तिला उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. काही योजना एका घरातल्या दोनच मुलांना मिळतात, हेही लक्षात ठेवा.

मुलींसाठी २०२४-२५ या वर्षापासून मोठी सोय झाली आहे. मुलगी आर्थिक दुर्बल, इतर मागास किंवा सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातली असावी. घरचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे. तिला व्यावसायिक शिक्षणाचा प्रवेश सरकारी यादीतून मिळालेला असावा. अशा मुलीचे शिक्षण-शुल्क आणि परीक्षा-शुल्क सरकार भरते. मात्र संस्थाचालकांच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत नाही. कोणी म्हणाले, “पैसे भरा, लगेच जागा देतो,” तर आधी थांबा आणि यादीची वाट पाहा.

राहण्याजेवण्याचे काय? समाजकल्याण खात्याची आणि आदिवासी विकास खात्याची वसतिगृहे आहेत. तेथे राहणे आणि जेवण फुकट असते. जागा थोड्या असतात, म्हणून अर्ज लवकर करावा. विद्यार्थ्यांना एस.टी.चा पासही सवलतीत मिळतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ या सरकारी ठिकाणी संगणकावरून करतात. घरी संगणक नसला तरी चालते. सेवा केंद्रावर अर्ज भरून मिळतो. अर्ज दर वर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी केला, दुसऱ्या वर्षी विसरला, की मदत थांबते.

काही घरांना तरीही कर्ज लागते. मग सावकाराकडे नको, बँकेत जा. बँका शिक्षणासाठी वेगळे कर्ज देतात. त्याचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. तोवर व्याज मात्र चढत असते. म्हणून आधी माफी पाहा, मग शिष्यवृत्ती पाहा, मग कमाई पाहा. कर्ज सर्वांत शेवटी.

५. कागद आधी, धावपळ नंतर

हे कागद निकालाच्या आधीच जमवा.

दहावी-बारावीची गुणपत्रके. शाळा सोडल्याचा दाखला. आधार कार्ड. रेशन कार्ड. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. अधिवास दाखला. लागत असेल तर जातीचा दाखला आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र. मुलाच्या नावाचे बँक पासबुक.

बँकेचे खाते आधारला जोडलेले असावे. शिष्यवृत्तीचे पैसे थेट खात्यात येतात. नावाचे अक्षर सगळ्या कागदांवर एकच असावे. एकीकडे ‘सुमन’ आणि दुसरीकडे ‘सुमनबाई’ असले, तर अर्ज अडतो. आता तुम्हाला वाचता येते. हे कागद तुम्ही स्वतः वाचून पाहा. फी भरली की पावती घ्या. पावतीवरचा आकडा वाचा. न वाचता सही करू नका.

६. हिशेब करू

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. तुमच्या कॉलेजचे आकडे वेगळे असतील.

शिक्षण-शुल्क ६,००० रुपये. परीक्षा-शुल्क १,००० रुपये. इतर फी २,००० रुपये. एस.टी.चा पास ५,००० रुपये. वह्या-पुस्तके २,००० रुपये. एकूण १६,००० रुपये.

आता वजा करू. शिक्षण-शुल्क आणि परीक्षा-शुल्क माफ झाले. ७,००० गेले, ९,००० उरले. निम्मी पुस्तके ग्रंथालयातून आणली. १,००० गेले, ८,००० उरले. ‘कमवा आणि शिका’मध्ये महिन्याला ८०० रुपये मिळाले. आठ महिन्यांचे ६,४०० झाले. उरले १,६०० रुपये.

रात्री ज्या आकड्याची भीती वाटत होती, तो दिवसा कागदावर मांडला की एवढाच राहिला. जमीन अडकवण्याची गरज आहे का, ते आता तुम्हीच ठरवा.

७. आणि तुम्ही स्वतः?

तुम्ही आता वाचू लागला आहात. मग पुढची वाट तुमच्यासाठीही आहे. शाळेत न जाता, बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसता येते. त्यासाठी ‘सतरा नंबरचा अर्ज’ भरतात. कमीत कमी किती शिकलेले असावे लागते आणि अर्जाची तारीख कोणती, हे जवळच्या माध्यमिक शाळेत विचारा. हेडमास्तर सांगतील. आम्ही शाळेत होतो तेव्हा असा अर्ज भरायला कोणी आई किंवा बाप आला, की आम्हांला फार बरे वाटे. आईच्या हातात पुस्तक दिसले, की पोराला अभ्यास कर म्हणावे लागत नाही.

सांगा पाहू

१. रयत शिक्षण संस्था कोणत्या साली आणि कोणत्या गावी निघाली?
२. मुष्टिफंड म्हणजे काय? तुमच्या गावात असा फंड काढता येईल का?
३. कॉलेजात हजेरी किती लागते?
४. कर्ज सर्वांत शेवटी का घ्यावे?

लिहा पाहू

१. तुमच्या जवळच्या कॉलेजचे नाव लिहा. तेथे जायला किती वेळ लागतो, तेही लिहा.
२. पाचव्या भागातील कागदांची यादी वहीत उतरा. घरात जो कागद आहे, त्यापुढे खूण करा. जो नाही, तो कोणत्या कचेरीत मिळतो ते विचारून लिहा.
३. सहाव्या भागातला हिशेब तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलेजचे आकडे घालून पुन्हा करा. तो घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.