व्यायामाने त्वचा उजळते, पण घामाची काळजी घ्या

व्यायाम करणाऱ्याच्या अंगावर वेगळेच तेज असते, असे जुनी माणसे म्हणत. खासबाग मैदानाच्या कोल्हापुरात हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मग रोज तालमीत जाणाऱ्या मुलालाच गजकर्ण का होते, असा प्रश्न अनेक पालकांना पडतो.

आधी फायदा पाहू. व्यायामाने त्वचेकडे जाणारा रक्तपुरवठा वाढतो. रक्ताबरोबर प्राणवायू व पोषक द्रव्ये त्वचेपर्यंत पोहोचतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पासष्टीपुढच्या, बैठे जीवन जगणाऱ्या काही जणांना तीन महिने नियमित व्यायाम करायला लावला. त्यांच्या त्वचेची अंतर्रचना तरुणांच्या त्वचेच्या जवळ गेल्याचे आढळले. पाहणी लहान होती, पण आशादायक आहे. घामावाटे शरीरातील 'विष' निघून जाते, हा समज मात्र खरा नाही. ते काम यकृत व मूत्रपिंडे करतात. घामाचे मुख्य काम अंग थंड ठेवणे हे आहे.

हाच घाम जांघेत, काखेत, लंगोटाखाली साचून राहिला की तिथे बुरशी वाढते. कडेने लाल, मधे फिकट असे गोल चट्टे उठतात व खाज सुटते. हेच गजकर्ण. कुस्तीत अंगाला अंग घासते, त्यामुळे ते एकाचे दुसऱ्याला होते. तालमीच्या मातीत ताक, हळद, तेल घालतात, म्हणून संसर्ग होणारच नाही असे धरून चालू नये. मॅटवरही हाच धोका असतो.

लाजेपोटी मुले हे लपवतात आणि औषध दुकानातून स्वतःच मलम आणतात. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते, त्वचा पातळ होते आणि पुढे साधी औषधेही लवकर लागू पडत नाहीत.

म्हणून एवढे पाळा :

१) घाम निवला की लगेच आंघोळ करून अंग, विशेषतः जांघा, कोरड्या करा.

२) लंगोट व बनियन रोज धुऊन कडक उन्हात वाळवा. ओला लंगोट पुन्हा नेसू नका.

३) टॉवेल, साबण व कपडे स्वतःचेच वापरा.

४) चट्टा दिसताच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते परवानगी देईपर्यंत कुस्ती धरू नका. वस्तादांनाही सांगा, त्यात कमीपणा नाही.

५) चट्टा गेला तरी औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्याच्यावरही एकाच वेळी उपचार करा.

गजकर्णाला भिऊन व्यायाम सोडू नये. चट्टा असेपर्यंत तालमीऐवजी रंकाळ्यावर चालायला जा, घरी जोर-बैठका काढा. त्वचा बरी झाली की आखाडा आहेच.