हजारावर मिटलं, एस्टिमेट निघालं ४,६०० चं

प्रश्न : गेल्या आठवड्यात सिग्नलला उभा असताना मागून एका कारने माझ्या मोटारसायकलला धडक दिली. मी पडलो नाही, कुठे लागलंही नाही. टेललाइट आणि एक इंडिकेटर फुटला, मडगार्ड गेला, नंबरप्लेट वाकली. कारवाल्या गृहस्थांनी चूक मान्य करून यूपीआयने हजार रुपये पाठवले. मागे हॉर्नचा गोंगाट चालला होता, म्हणून मीही निघालो. सर्व्हिस सेंटरने ४,६०० रुपयांचं एस्टिमेट दिलंय. आता ते गृहस्थ म्हणतात, "विषय तिथेच मिटला." गाडी चौथ्या वर्षात आहे, नो क्लेम बोनस ३५ टक्के. एवढ्याशासाठी क्लेम टाकून बोनस घालवू नकोस, असं मित्र सांगतात. काय करावं?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : मित्रांचा सल्ला कारला बऱ्याचदा लागू पडतो. दुचाकीला तो डोळे झाकून लावू नका.

आधी पॉलिसी उघडून बघा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे 'पाच वर्षांचा विमा आहे' म्हणून अनेकजण निर्धास्त असतात आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग कधीच संपलेला असतो. तुमच्याकडे ३५ टक्के बोनस आहे, म्हणजे तो भाग चालू असणार. तरी तारीख तपासा.

आता हिशेब. एस्टिमेटची फोड तुम्ही पाठवलेली नाही, म्हणून ढोबळ धरतो : प्लास्टिकचे भाग २,२०० रुपये, धातूचे १,६००, मजुरी ८००. झीरो डेप नसेल तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि चौथ्या वर्षातल्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के. मजुरी पूर्ण मिळते. म्हणजे १,१०० अधिक १,२०० अधिक ८००, त्यातून दुचाकीसाठीची सक्तीची १०० रुपये वजावट गेली की हाती ३,०००.

बोनस किती बुडेल? तो फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो, संपूर्ण पॉलिसीवर नाही. हा हप्ता वर्षाला १,००० रुपये धरू. क्लेम न केल्यास तुमचा बोनस पुढल्या वर्षी ४५ आणि नंतर कायम ५० टक्के. केल्यास शून्यापासून सुरुवात : ०, २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांतला फरक एकूण १,२०० रुपये. तुमच्या पॉलिसीतला खरा आकडा घालून पुन्हा मांडा, पण क्लेममधून साधारण १,८०० रुपये पदरात पडतात असं दिसतं. कारवाले आणखी एवढे किंवा याहून जास्त द्यायला तयार असतील, तर क्लेमच्या वाटेला जाऊ नका.

ते द्यायला बांधील आहेत का? आहेत. उभ्या गाडीला मागून ठोकलं तर चूक कोणाची, यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. तुम्ही एकदम ब्रेक मारला असता किंवा ब्रेकलाइट बंद असता, तर गोष्ट वेगळी. हजार रुपये घेतले म्हणून उरलेला हक्क आपोआप संपत नाही. मात्र 'आता काही देणंघेणं नाही' असं लिहून दिलं असेल, व्हॉट्सॲपवरसुद्धा, तर ते तुमच्यावर उलटेल आणि तुमची विमा कंपनीही त्यावर बोट ठेवेल.

हक्क असला तरी त्यांच्या विमा कंपनीच्या काउंटरवर बिल दाखवून पैसे मिळत नाहीत. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं, तेही अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. ३,६०० रुपयांसाठी वकील लावायला मी तरी सांगणार नाही.

म्हणून आधी त्यांना एस्टिमेट आणि फोटो पाठवा आणि 'मिळालेले हजार वजा जाता ३,६०० रुपये' असं सरळ लिहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करणाऱ्या चालकाने, जागेवर पोलीस नसल्यास, २४ तासांत जवळच्या ठाण्यात खबर द्यायची असते. आपल्या विमा कंपनीला कळवणंही त्याच्यावरच आहे. त्यांनी ते केलंय का, विचारायला हरकत नाही. पण 'पैसे द्या, नाहीतर केस करतो' असली वाक्यं लिहू नका. तक्रार द्यायची तर द्या. तिचा सौदा करू नका.

विमा कंपनीला मात्र आजच कळवा. आठवडा गेलाय, उशीर का झाला हे विचारतील. सर्व्हे होईपर्यंत गाडी दुरुस्त करू नका, आणि मिळालेले हजार लपवू नका.

तडजोडीचा आकडा पक्का करण्याआधी गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. रिम डोलतेय का, चेन एका बाजूला ओढतेय का, मागचा सांगाडा सरळ आहे का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. फुटलेला टेललाइट सगळ्यांना दिसतो. आउट झालेली रिम ताशी ६० च्या वेगाला कळते, आणि तोवर तुम्ही 'मिटलं' म्हणून बसलेले असता.

वाकलेली प्लेट उच्च सुरक्षा नंबरप्लेट असेल, तर ती गल्लीतल्या दुकानातून बदलता येत नाही. अधिकृत पुरवठादाराकडेच बुकिंग करावं लागतं. तो खर्च ४,६०० मध्ये धरलाय का, ते सर्व्हिस सेंटरला विचारा.