सफरचंदाचा पाय, ओव्हनशिवाय

नाव वाचून हसू नका. मी वर्गात सांगितले तेव्हा सगळे हसले होते. "फळाला पाय कुठून आला रे?" पण हा पाय इंग्रजी आहे. पिठाच्या पारीत फळे भरून ती भट्टीत भाजली की त्या पदार्थाला पाय म्हणतात. वरून दुसरी पारी न लावता पीठ, साखर व तुपाचा चुरा पसरला, तर तो चुऱ्याचा पाय. खालून मऊ, वरून कुरकुरीत.

सफरचंद आपल्या सिरोंच्यात पिकत नाही. त्या झाडाला हिवाळ्यात शेकडो तास कडक थंडी लागते, तरच त्याला नीट बहर येतो. म्हणून ते काश्मीर, हिमाचलात होते. हिमाचलातील कोटगढला सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने 1916 साली अमेरिकेतली कलमे लावली. पुढे ते सत्यानंद झाले आणि तिथलेच होऊन राहिले. इतक्या लांबून येणारे फळ आपण कधी घेतो? कुणी आजारी पडले की!

आमची अम्मम्मा (आईची आई, आमच्या घरी तेलुगू बोलतात) तापातून उठली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदे आणी. अम्मम्माला दात नाहीत. आई फोडी शिजवून द्यायची, तर ती ताटली सरकवून म्हणे, "हे रोग्याचं खाणं मला नको." टोपलीतली फळे सुरकुतू लागली आणि अम्मम्मा पण वाळत चालली.

संक्रांतीला मामा आले. ते हैदराबादला बेकरीत काम करतात. म्हणाले, "पाय करू." आई म्हणाली, "दादा, भट्टी कुठं आहे आपल्याकडे?" मामा म्हणाले, "गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजता, पानात पानगे भाजता, ते काय भट्टीशिवाय?" मला तेव्हा समजले की ओव्हन म्हणजे यंत्र नव्हे. चारी बाजूंनी सारखी ऊब लागली पाहिजे, एवढेच त्याचे काम. तव्यावर फक्त खालून आच लागते, म्हणून पाय तव्यावर होत नाही.

मग आम्ही परसातल्या चुलीवर मोठा जाड गंज ठेवला. त्यात प्राणहितेची धुऊन वाळवलेली वाळू दोन बोटे पसरली. वाळू हळू तापते, हळू निवते आणि आच सगळीकडे सारखी पसरवते, त्यामुळे बूड करपत नाही. वाळूवर लोखंडी तिवई, तिवईवर पायची खोलगट ताटली. गंजावर तवा झाकला आणि तव्यावर निखारे. (निखारे मोठ्या माणसानेच ठेवावेत. माझ्या हाताला मामांनी चिमटा लागू दिला नाही.)

पहिला पाय फसला. चूक माझी. मी चुलीजवळच बसून पीठ मळले. तूप पातळ झाले आणि वर मी पुरीच्या कणकेसारखे दाबून दाबून मळले. पारी चपलेच्या तळव्यासारखी निघाली. मामांनी कारण सांगितले. पिठात पाणी घालून खूप मळले की त्यात चिवट धागे तयार होतात. पोळीला ते हवेत, पायला नकोत. थिजलेले तूप आधी पिठाच्या कणाकणाला चोळले, तर पाणी कमी शिरते, धागे कमी होतात आणि पारी खुसखुशीत होते. चुऱ्यात तर पाणी घालायचेच नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पीठ केले. तुपाची वाटी रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्याला ठेवली होती. फडक्यातले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, माठ गार राहतो तसेच.

आता प्रमाण. पारीला दीड वाटी कणीक, अर्धी वाटी थिजलेले तूप, चिमूटभर मीठ, गार पाणी तीन-चार चमचेच. गोळा जेमतेम जमला की पुरे. तो हातानेच ताटलीत थापावा, लाटायची गरज नाही. चार सफरचंदांच्या पातळ फोडी करून लगेच अर्धे लिंबू पिळावे, नाहीतर हवेने त्या काळ्या पडतात. चार चमचे साखर व थोडी दालचिनीपूड लावून अर्धा तास ठेवावे. साखर फोडींतले पाणी ओढून काढते. ते पाणी आटवून मगच परत घालावे, नाहीतर खालची पारी कच्ची राहते. चुऱ्याला एक वाटी कणीक, अर्धी वाटी साखर, पाव वाटीहून थोडे जास्त तूप. बोटांनी चोळून वाटाण्याएवढ्या गुठळ्या करायच्या. आम्ही त्यात जंगलातली चारोळी घातली. ती भाजल्यावर काय लागते म्हणून सांगू!

गंज आधी पंधरा मिनिटे तापवायचा. आत चिमूटभर पीठ टाकून पाहावे. हळूहळू तांबूस झाले तर ठीक, लगेच काळे झाले तर आच ओढावी. पाय सुमारे तासभर ठेवला. वरचे निखारे दोनदा बदलले. कडेने रस खदखदू लागला आणि वास शेजारपर्यंत गेला, तेव्हा काढला. गरम कापू नये, रस वाहून जातो. आम्ही थांबलो नाही, आमचा वाहिला.

अम्मम्माने आधी बोटाने वरचा चुरा उचलला. मग एक तुकडा खाल्ला, मग गप्प बसली. आई घाबरली. तर अम्मम्मा म्हणाली, "इंका उंदा?" म्हणजे, अजून आहे का?

सफरचंद नसेल तेव्हा चैत्रात कैरी घेऊन पाहणार आहोत, साखर दुप्पट लागेल. वाळू फेकली नाही, डब्यात भरून ठेवली आहे. तिच्यावर नानकटाई पण होते म्हणे.