स्टिकरवरचे व्होल्ट आणि आतले सेल

प्रश्न : फर्निचर फिटिंगची कामं घेतो. ओळखीच्या दुकानदाराने १८ व्होल्टचं बॅटरीवरचं ड्रिल दाखवलं. मोबाइलवर निम्म्याहून कमी पैशात ‘४८ व्होल्ट’ लिहिलेलं मिळतंय. मग १८ला जास्त पैसे का मोजायचे? (इचलकरंजी)

उत्तर : कारण ते ४८ बहुधा स्टिकरवरच असतात. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२चा. असे पाच सेल एकामागे एक जोडले की १८ होतात. तेच चार्जरवरून नुकते उतरवून मोजले तर २१. म्हणजे १८, ‘२० मॅक्स’ आणि २१ ही एकाच पॅकची तीन नावं. खरे ४८ व्होल्ट हवेत तर ओळीत तेरा सेल लागतील.

असाच एक ‘४८’ माझ्या टेबलावर दुरुस्तीला आला होता. चार स्क्रू काढले, झाकण उचललं; पाच सेल एका रांगेत, शेजारच्या पाच खोबणी मोकळ्या. मालक वाकून बघत म्हणाला, “बाकीचे कुठं पडले असतील?”

तेव्हा घेताना पॅक हातात तोलून बघा. बोटभर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा नेहमीचा सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. मोठी क्षमता लिहिलेला पॅक हलका लागला, तर तो तिथेच ठेवा. दुसरं, एका कंपनीचा पॅक सहसा दुसरीच्या यंत्रात बसत नाही. आज ड्रिल घेतलंत की उद्याचा जिगसॉ आणि ब्लोअर त्याच घरातून येणार. ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावाजवळ आहे आणि जिची यंत्रं बॅटरीशिवाय, नुसतीही मिळतात, तिच्याशी सोयरीक करा. ड्रिलचं रंगरूप त्यानंतर.

प्रश्न : ग्रिलच्या कामाला बॅटरीचा ग्राइंडर घेतला. २ अँपिअर-अवरचा पॅक लावला की ड्रिल दिवसभर चालतं, ग्राइंडर मात्र मधेच बंद पडतो आणि पॅक चटका बसेल इतका तापतो. बॅटरी खराब आहे का? (बार्शी)

उत्तर : बॅटरी चांगली आहे, तिच्यावर ओझं चुकीचं टाकलंय. स्क्रू मारताना ड्रिल दोन सेकंद करंट खेचतं आणि थांबतं. ग्राइंडर खेचतच राहतो. समजा तो २० अँपिअर घेतो. तुमच्या छोट्या पॅकमध्ये पाचच सेल, एका ओळीत. प्रत्येकातून पूर्ण २० जातात. ४ किंवा ५ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये सहसा दहा सेल, दोन-दोनच्या जोडीने. प्रत्येकाच्या वाट्याला १० येतात. आता गंमत बघा : उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. वाटा निम्मा झाला की सेलमधली उष्णता चौथ्या हिश्शावर येते. म्हणून मोठा पॅक नुसता जास्त वेळ चालत नाही, ग्राइंडरला जोरही देतो.

छोटा पॅक मात्र मोडीत काढू नका. शिडीवर चढून छताला भोकं पाडताना त्याचं कमी वजन खांद्याला कळतं. आणि तापलेला पॅक लगेच चार्जरवर चढवू नका, सावलीत निवू द्या. महिनाभर काम नसेल तर अर्धा भरलेला ठेवा. उन्हात उभ्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर पूर्ण भरून ठेवलेला पॅक फार दिवस साथ देत नाही.

प्रश्न : माझ्याकडे १२ व्होल्टचं जुनं निकेल-कॅडमियम ड्रिल आहे. सेल मेले, मोटर ठणठणीत. आत लिथियमचे सेल टाकून घेऊ का? (डोंबिवली)

उत्तर : जुन्या चार्जरवर चालवणार असाल तर अजिबात नको. लिथियमला ४.२ व्होल्टवर हात आखडता घेणारा चार्जर लागतो; तुमच्या चार्जरला ती अक्कल नाही. भडका उडू शकतो. सेल लिथियमचे हवेत तर संरक्षक सर्किट आणि चार्जरही लिथियमचाच, शिवाय सेल जास्त करंट देणारे, पॉवर बँकेतून काढलेले नव्हेत. हा खर्च नव्या ड्रिलजवळ जातो. घरातच वापरणार असाल तर १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवरून जाड वायर ओढा, मधे फ्यूज टाका. दिसायला ओंगळ, पण चालतं. मेलेले सेल कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी ते गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

प्रश्न : दुबईला फिटिंगच्या कामाला चाललोय. ड्रिलच्या सुट्या बॅटऱ्या बॅगेत चालतील? (चिपळूण)

उत्तर : ड्रिल मोठ्या बॅगेत, सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत, उलटं नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा : १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॉट-अवर, १००च्या आत, सहसा चालतं. ६चा पॅक १०८ होतो, त्याला विमान कंपनीची परवानगी आधी काढा. जिथे पॅक यंत्राला जोडतो, त्या पितळी पट्ट्यांवर टेप चिकटवा.