दहा रुपयांची थाळी

दहा रुपयांत काय मिळते? एक कप चहा, नाहीतर बिस्किटांचा एक पुडा. पण २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रात दहा रुपयांत दुपारचे जेवण मिळू लागले. या योजनेचे नाव शिवभोजन थाळी. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात, एवढे त्या थाळीत असे. रुग्णालये, रेल्वे स्थानके, बाजार अशा गर्दीच्या ठिकाणी ही केंद्रे उघडली.

तुम्ही म्हणाल, गरिबांना रेशनचे धान्य मिळतेच की! मग ही थाळी कशाला? रेशनच्या दुकानावर ‘रास्त भाव दुकान’ अशी पाटी असते. (‘रास्त’ हा शब्द तुम्ही उर्दूतही वाचता.) अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार बहुतेक गरीब कुटुंबांत माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. पण गावाहून एकटाच शहरात आलेला हमाल डोळ्यांसमोर आणा. तो फुटपाथवर झोपतो. त्याच्याजवळ चूल नाही, भांडी नाहीत. कच्चे तांदूळ घेऊन तो काय करील? त्याला शिजलेले अन्नच हवे.

मात्र दहा रुपयांत जेवण तयार होत नाही. शहरातील एका थाळीचा खर्च पन्नास रुपये धरला होता. दहा रुपये जेवणारा देई, उरलेले चाळीस रुपये सरकार केंद्रचालकाला देई. याला अनुदान म्हणतात. करोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, थाळी पाच रुपयांना झाली. एप्रिल २०२१ पासून काही महिने ती मोफतही मिळाली. कामधंदे बंद पडले होते, तेव्हा तिचा फार आधार झाला.

अनुदान थांबले की चूल थंडावते. १९९५ साली आपल्याच राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली होती. पुढे सरकारी मदत बंद झाली. मग त्यांतील कित्येक टपऱ्यांवर वडे आणि चहा विकला जाऊ लागला, तोही बाजारभावाने.

२०२३ साली मी अब्बांना घेऊन एका रुग्णालयात गेलो होतो. दुपारी फाटकाजवळच्या केंद्रासमोर मोठी रांग लागली होती. भूक मलाही लागली होती. मी रांगेत उभा राहिलो. पण केंद्राला रोज ठरावीक थाळ्याच मिळतात, हे आठवले आणि मी बाजूला झालो. माझ्या खिशात हॉटेलपुरते पैसे होते.

रांगेच्या शेवटी एक हमालचाचा हातात दहाची नोट धरून उभे होते. मी त्यांना म्हणालो, “चाचा, चला, माझ्याबरोबर जेवा.”

“नको बेटा,” ते म्हणाले, “इथं मी माझ्या पैशानं जेवतो.”

इतक्यात आतून आवाज आला, “थाळ्या संपल्या!”

चाचांनी नोटेची घडी करून ती खिशात ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन विचारले, “उद्या किती वाजता उघडता?”

स्वाध्याय
१. हमालाला रेशनचे धान्य का पुरेसे नाही?
२. चाचांनी लेखकाबरोबर जेवायला नकार का दिला?
३. शहरातील एका केंद्राने शंभर थाळ्या दिल्या, तर सरकारला किती रुपये द्यावे लागत?